आखाड्यावर सगळ्यांसाठी एक रिमोट रिसीव्हर बसवावा का?

आखाड्यावरचा (छत्रपती संभाजीनगर)

दिवाळीत जिंतूर तालुक्यातल्या आमच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) चार दिवस होतो. सोबत घरचाच हॅम (हौशी) रेडिओचा सेट, बारा व्होल्टची बॅटरी आणि वीस मीटर तार. लिंबाच्या फांदीपासून बोअरच्या खोलीवरच्या बांबूपर्यंत ७.१ मेगाहर्ट्झची डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची एरियल, ताणली. उंची जेमतेम साडेचार मीटर. सेट चालू केला आणि वाटलं, फ्यूज उडाला. काहीच आवाज नाही! डायल थोडी फिरवली, तर हैदराबादचा एक जण पुण्याच्या माणसाशी पावसाबद्दल बोलत होता. इतकं स्वच्छ, की मागे कुकरची शिट्टी झालेलीही ऐकू आली.

शहरातल्या फ्लॅटमध्ये ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) कुणी बोलत नसतानाही सिग्नलची ताकद दाखवणारा काटा एस-८ ला असतो. एलईडी दिवे, लिफ्ट, प्रत्येक घरातले चार्जर आणि इन्व्हर्टर, सगळं त्यात येतं. आखाड्यावर काटा एस-२ ला होता. एक एस म्हणजे सहा डेसिबल, म्हणजे ३६ डेसिबलचा फरक. शक्तीत मोजला तर जवळपास चार हजार पट.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. तिथे एक किवीएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून लांबून ऐकता येणारा रिसीव्हर, कायमचा बसवायचा. तो १० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं घेतो, आणि चार जण एकाच वेळी आपापल्या मोबाइलवर वेगवेगळी फ्रिक्वेन्सी ऐकू शकतात. फक्त ऐकायचं, प्रक्षेपण नाही. पत्ता आणि पासवर्ड आपल्या गटापुरता.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा असाच एक रिसीव्हर, वेबएसडीआर, २००८ पासून आहे, मीही तो ऐकतो. पण त्यातून कळतं ते तिकडे एन्स्खेडे शहरातल्या छपरावर काय पोचतंय ते. भर दुपारी परभणी जिल्ह्यात काय पोचतं, हे सांगणारा आपला कान कुठे आहे? मराठवाड्यात आपण हॅमवाले आधीच थोडे, त्यातले निम्मे फ्लॅटमध्ये. प्रत्येकाने थोडे पैसे काढले तर होण्यासारखं आहे. मतं सांगा, विरोधातली असली तरी.

तांब्याची_तार (लातूर)

तळमळ पोचली. तरी माझा विरोध आहे.

ऐकणं हा आपल्या छंदाचा पाया आहे, आणि ते स्वतःच्या तारेवरच शिकावं. सिग्नल दबतो, वर येतो, शेजारच्याच्या मिक्सरखाली गाडला जातो, त्यातून अर्धं कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव) उचलायचं. ही मेहनत काढून घेतली तर उरतं काय?

दुसरं, आज तुम्ही फक्त ऐकायचं म्हणता. उद्या कुणीतरी गच्चीवरून बोलेल आणि उत्तर जिंतूरच्या तारेवर ऐकेल. तो संपर्क लातूरचा धरायचा की जिंतूरचा? सीक्यू वर्ल्डवाइड या हॅमच्या जागतिक स्पर्धेत एका केंद्राचे सगळे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात असावे लागतात. तो नियम उगाच नाही.

आणि तिसरं मला सगळ्यात जवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी संपर्काचं काम केलं, ते सेट, बॅटरी आणि तार यांच्या जोरावर. तुमचा रिसीव्हर इंटरनेटवर उभा. टॉवर गेला की तोही गेला. ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी मुका होणाऱ्या यंत्रावर आपण सवय का लावून घ्यायची?

गोदाकाठ (नांदेड)

काका, आदर ठेवून सांगते. मी हॉस्टेलवर राहते. तार बांधायची परवानगी मागितली होती, खिडकीबाहेर दोरीसुद्धा चालणार नाही असं सांगितलं. मग शिकायचं कुठे?

मी सगळं परदेशी रिमोट रिसीव्हरवरच शिकले. एसएसबीत (हॅम ज्या पद्धतीने आवाज पाठवतात त्यात) माणूस आधी बदकासारखा बोलतो, मग शंभर-दीडशे हर्ट्झ सरकवलं की अचानक माणसासारखा होतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी मैत्रिणीला उठवून ऐकवलं. तो कुणी इटालियन होता, एक शब्द कळला नाही. परवान्याच्या परीक्षेचा फॉर्म मी त्यामुळेच भरला. आपल्याकडचं, हिंदी-मराठीत बोलणारं कुणी असं ऐकायला मिळालं असतं तर वर्षभर आधीच भरला असता.

मोटार_चालू (सेलू)

मी मोटारी-स्टार्टरची कामं करतो, ऐकायचा नाद बापापासून. परभणी आकाशवाणी लावून लावून आमचा ट्रान्झिस्टर झिजला. कल्पना चांगलीच हाय, पण शेतातलं सांगतो.

डीपी जळाली की आठ-आठ दिवस अंधार. म्हणून लाइटीचा भरवसा धरूच नका. खारी केबल कुरतडतात, ती पाइपातूनच न्यावी लागंल. रोह्यांचा कळप तारेत गुतला तर खांबासकट ओढून नेतो. वळवाच्या पावसात वीज शेजारच्या वावरात पडली तरी घरातला राउटर जातो, माझाच गेलाय दोनदा.

आन सगळ्यात मोठं म्हंजी सौर पंप. तुमच्या शेजारी बसलाय का? त्याचा कंट्रोलर पॅनलची डीसी तोडून-तोडून मोटारीला देतो. पॅनलपासून कंट्रोलरपर्यंतची वायर लांब असली की तीच एरियल होते. ट्रान्झिस्टर जवळ न्या, स्टेशन दिसतच नाही. गावागावात हेच चालू हाय. तुमचं एस-२ किती वर्षं टिकंल, ते मला सांगता येत नाही.

अंबाजोगाईकर

माझाही विरोध, पण कारण वेगळं. तेवढ्याच पैशात आरटीएल-एसडीआरचे, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या रिसीव्हरचे, चार-पाच डोंगल येतील. ते शाळांना द्या. मुलं स्वतः तार बांधतील, पाच गावांत पाच कान होतील. शिवाय ग्रामीण जोडणीला बहुधा स्वतंत्र आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, बाहेरून आखाड्यापर्यंत पोचायला मधे भाड्याचा सर्व्हर लागतो. तो दर महिन्याला कोण भरणार? उत्साह ओसरला की असं यंत्र धूळ खात पडतं, हे आपण पाहिलेलं आहे.

आखाड्यावरचा

मोटार_चालू, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. फेब्रुवारीत शेजाऱ्यांच्या विहिरीवर सौर पंप बसला. त्यांचा पंप हवाच, दिवसा पाणी मिळतं, रात्री साप-विंचवातून जावं लागत नाही, त्यावर माझी काही तक्रार नाही. मी ट्रान्झिस्टर घेऊन बांधाबांधाने फिरलो. सकाळी आठला काही नाही. ऊन चढलं तशी गुरगुर सुरू झाली, ढग आला की तिचा सूर खाली उतरायचा. डायपोलच्या जागी दुपारी आता एस-५ आहे. पण माळाच्या टोकाला, पंपापासून अडीचशे पावलांवर, पुन्हा एस-२. म्हणून तार माळावर न्यायची आणि केबलला फेराइट रिंगवर वेढे देऊन चोक करायचा, म्हणजे केबलवरून येणारी गुरगुर अडेल. उद्या तिकडेही पंप येतील, कबूल. म्हणूनच आज काय ऐकू येतं ते नोंदवून ठेवण्याची मला घाई आहे.

लाइटीचं म्हणाल तर किवी आणि राउटर मिळून दहा वॅट धरा. दिवसाला २४० वॅट-तास. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मंच काढलं तरी अडीच दिवस. पॅनल आपला वेगळा, आणि चार्जर जुन्या साध्या धाटणीचा, म्हणजे तोच गुरगुरायला नको. वळीव आला की एरियल सोडवून ठेवायची, मृग ते हस्त रोज संध्याकाळी बंद. गडी माणूस ते करेल, मी दाखवून ठेवीन.

अंबाजोगाईकर, डोंगल आठ बिटचा. रात्री शॉर्टवेव्हवरची तगडी प्रसारण केंद्रं आली की त्याखाली हौशी सिग्नल गुदमरतो. आणि तालुक्याच्या शाळेतही आता एलईडी ट्यूब आणि इन्व्हर्टर आहेतच. पण डोंगल देऊ नयेत असं मी म्हणणार नाही.

तांब्याची_तार (लातूर)

नांदेडच्या मुलीचं वाचून रात्रभर विचार केला. हॉस्टेलवाल्यांचं मी लक्षात घेतलं नव्हतं.

एक उपयोग मलाही मान्य आहे. माझं प्रक्षेपण दीडशे किलोमीटरवर कसं पोचतं, हे मी तीस वर्षांत स्वतः कधी ऐकलेलं नाही. समोरचा ‘छान येतंय’ म्हणतो, आवाज फाटत असला तरी. जिंतूरला ते माझ्या कानांनी कळेल. मात्र ते दिवसाच. उत्तररात्री आयनमंडल विरळ झालं की ७ मेगाहर्ट्झवर सरळ वर गेलेली लहर परत खाली येत नाही. लातूर जिंतूरला नाहीसं होईल आणि इंडोनेशिया ऐकू येईल. मग ‘रिसीव्हर बिघडला’ म्हणून फोन करू नका.

संपर्कासाठी वापरायला माझा विरोध कायम आहे. आणि पैसे गोळा करण्याआधी माळावर आठवडाभर, दुपारी बारा आणि रात्री बारा, काटा लिहून काढा. एकच दिवस मोजून यंत्र घेऊ नये.

आखाड्यावरचा

मान्य. शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारपासून वही सुरू. संपर्कासाठी वापरायचा नाही, हे पासवर्ड देतानाच लिहून घेऊ.

गोदाकाठ (नांदेड)

रविवारी मी परभणीपर्यंत रेल्वेने येऊ शकते. दुपारचा बाराचा काटा मला वाचू द्याल का? आणि तार कापताना थांबा, मला एकदा स्वतः मोजून कापायची आहे.

मोटार_चालू (सेलू)

परभणी स्टेशनवरून मी घेतो. फेराइटच्या रिंगा माझ्याकडं पडून हायत, जुन्या यूपीएसमधल्या. चालतील का ते तिथंच बघू.