हजेरी, उशीर आणि गृहपाठ यांविषयीच्या हमीपत्रावर सही करण्यापूर्वी शाळेला काय विचारावे?

धायरीची पालक

नमस्कार. माझी मुलगी यंदा नववीत गेली. शाळा पुण्यातल्या पेठेतील, अनुदानित, राज्य मंडळाची आणि सकाळच्या सत्राची आहे. जूनमधील पहिल्याच पालकसभेत आम्हां सर्वांच्या हाती दोन पानी हमीपत्र देण्यात आले असून ते सोमवारपर्यंत सही करून परत द्यायचे आहे. त्यातील बहुतेक मजकुराबद्दल माझी काहीच हरकत नाही; गणवेश, मोबाईल आणि ओळखपत्र यांविषयीचे नियम योग्यच आहेत. अडचण तीन कलमांची आहे. उपस्थिती ९० टक्क्यांच्या खाली गेल्यास विद्यार्थ्याला वार्षिक परीक्षेला बसू न देण्याचा अधिकार शाळेने राखून ठेवला आहे. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी फाटक बंद होईल आणि एका महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाल्यास विद्यार्थ्याला घरी परत पाठवले जाईल, असे दुसरे कलम सांगते. तिसऱ्या कलमानुसार, रोजचा गृहपाठ पूर्ण व अचूक असल्याची खात्री करून पालकांनी डायरीत सही करायची आहे, आणि तो अपूर्ण आढळल्यास जबाबदारी पालकांची राहील.

मुलगी पीएमपीच्या बसने जाते. पहाटेची बस बहुधा वेळेवर असते, पण ती आलीच नाही तर पुढच्या बसने शाळा गाठेपर्यंत सव्वासात होतात. मी आणि माझे यजमान दोघेही पाळीने काम करतो. शिवाय नववीचे बीजगणित आणि संस्कृत अचूक आहे की नाही, हे सांगण्याइतके आम्हां दोघांनाही येत नाही. शिस्तीला माझा विरोध नाही, हे आवर्जून सांगते. यातले मंडळाचे नियम कोणते आणि शाळेने स्वतः ठरवलेले कोणते? सही करावी का? आणि ‘सतत तक्रारी करणारे पालक’ असा शिक्का न बसता हे विचारायचे कसे?

निवृत्त वर्गशिक्षक

ताई, माझ्या नोकरीचा बहुतेक काळ आठवी ते दहावीचा वर्गशिक्षक म्हणून गेला, त्यामुळे अशी पत्रके मी वाटलीही आहेत आणि त्यांच्या मसुद्यावर शिक्षकसभेत वादही घातले आहेत.

आधी टक्केवारी पाहू. दहावीच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी राज्य मंडळाला ७५ टक्के उपस्थिती लागते. केंद्रीय मंडळाचीही अट तेवढीच आहे. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले, तर ७५ टक्क्यांच्या हिशेबात ५५ दिवसांची गैरहजेरी बसते आणि ९० टक्क्यांच्या हिशेबात २२ दिवसांची. पंचावन्न दिवस बुडवून कोणाचेही बीजगणित शाबूत राहत नाही, म्हणून शाळेने ९० टक्क्यांची अपेक्षा धरणे मला मुळीच गैर वाटत नाही. परीक्षेला बसू न देण्याची भाषा मात्र फार पुढची आहे. तिचा आधार काय, आजारपणाचे दिवस कसे धरले जाणार आणि टक्केवारी घसरू लागल्यास पालकांना कोणत्या टप्प्यावर कळवले जाणार, हे तीन प्रश्न मुख्याध्यापकांना जरूर विचारा. पावसाळ्यात डेंग्यू किंवा चिकुनगुनिया घरात शिरला की मूल आठ-दहा दिवस सहज घरी राहते. अशा वेळी डॉक्टरांचा दाखला मूल शाळेत परतेल त्याच दिवशी द्यावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. टक्केवारी भरत नाही असे दिसल्यावर फेब्रुवारीत जुन्या तारखांचे दाखले गोळा करत फिरणारे पालक मी दर वर्षी पाहिले; त्यात डॉक्टरांचीही पंचाईत होते आणि शाळेचा विश्वासही उडतो.

आता उशिराबद्दल, कारण तिन्हींपैकी मला हेच कलम सर्वांत जास्त खटकते. वेळेचा आग्रह असावाच. परिपाठ चालू असताना एकेक जण आत येऊ लागला की पहिल्या तासाची दहा मिनिटे वाया जातात आणि वेळेवर आलेल्यांवर अन्याय होतो. पण सकाळी सव्वासात वाजता चौदा वर्षांच्या मुलीला फाटकाबाहेरून परत पाठवणे म्हणजे तिला अशा वेळी रस्त्यावर सोडणे, की जेव्हा आईवडिलांच्या समजुतीप्रमाणे ती वर्गात असते आणि शाळेच्या लेखी ती आलेलीच नसते. त्या दोन-तीन तासांत ती कोठे आहे, याची माहिती कोणाकडेच नसते. शाळेने उशिरा आलेल्या मुलाला आत घ्यावे, फाटकाजवळच्या नोंदवहीत वेळ व कारण लिहून घ्यावे, पहिला तास संपेपर्यंत हवे तर ग्रंथालयात बसवावे आणि पालकांना त्याच वेळी संदेश पाठवावा. त्याचप्रमाणे, न कळवता गैरहजर असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी पहिल्या तासाच्या हजेरीनंतर लगेच फोन गेला पाहिजे. हजेरीपटाचा खरा उपयोग मला तरी इथेच दिसतो. टक्केवारी काय, वर्षअखेरीसही काढता येते. आपल्याकडूनही त्याला उत्तर हवे: मूल येणार नसेल, तर सात वाजण्यापूर्वी वर्गशिक्षिकेला दोन ओळींचा निरोप. रजेचा अर्ज दुसऱ्या दिवशी दिला तरी चालतो, निरोप मात्र त्याच सकाळी हवा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. तो कायदा ६ ते १४ वर्षे वयोगटापुरता असल्याने नववीच्या बहुतेक मुलांना तो लागू नाही, असे कोणी म्हणेल. पण आठवीपर्यंत जी वागणूक बेकायदा होती, ती उन्हाळ्याच्या एका सुट्टीनंतर शिस्त कशी ठरते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

गृहपाठाविषयी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात नववी ते बारावीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सुचवला आहे, आणि हे दोन तास सर्व विषयांचे मिळून आहेत. आमच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली असे. प्रत्येक शिक्षकाने त्या दिवशी दिलेले काम तिथे लिहायचे आणि ती चौकट शाळा सुटेपर्यंत पुसायची नाही, असा दंडक होता. सहाव्या तासाला आलेल्या भूगोलाच्या शिक्षकांना आधीच्या चार विषयांचे काम समोर दिसे आणि मग ते आपला नकाशा शनिवारवर ढकलत. यासाठी पैसा लागत नाही की परिपत्रक लागत नाही. पालकसभेत ही सूचना मांडून पाहा.

कोथरूडचा बाबा

सरांशी बहुतांशी सहमत आहे, तरीही शाळेची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही. माझा मुलगा दहावीत आणि मुलगी आठवीत आहे. डिसेंबरातली लग्ने, दिवाळीच्या सुट्टीला पुढेमागे चार दिवस जोडून काढलेल्या सहली आणि सर्वांत वाईट म्हणजे खासगी क्लासची चाचणी आहे म्हणून शाळेला मारलेली दांडी, हे सगळे आपणच पालक करतो. आठवीपासून फाउंडेशनच्या नावाखाली क्लास लावायचा, त्याची फी शाळेच्या कित्येक पट भरायची, तिथे एक दिवस बुडला तर जीव कासावीस करून घ्यायचा, आणि शाळेने मात्र ९० टक्के म्हटले की कायद्याचे पुस्तक उघडायचे, यात काहीतरी चुकते. ताई, आपली अडचण बसची आहे आणि ती खरी आहे. पण हमीपत्र लिहिताना शाळेच्या डोळ्यांसमोर आपण नसून आम्ही इतर होतो, असे मला वाटते.

गृहपाठाचेही तसेच. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून पाठ्यपुस्तकांबरोबर गाइडही आणायचे, त्यातली उत्तरे जशीच्या तशी उतरवायची आणि वही पूर्ण झाली म्हणून आईने सही करायची. शिक्षकांनाही ते कळते, कारण चाळीस वह्यांत एकच वाक्य आणि त्यात छपाईची एकच चूक असते. दहावीला प्रत्येक विषयात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. विषयानुसार त्यात तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, गृहपाठ असे काही ना काही येते. त्याची सवय नववीत लागली नाही, तर दहावीच्या जानेवारीत प्रयोगवही पूर्ण करण्यासाठी अख्खे घर रात्री जागते. पालकांची जबाबदारी नाहीच, असे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही.

बालरोगतज्ज्ञ, हडपसर

वरील चर्चेत झोपेचा उल्लेख आला नाही म्हणून लिहिते. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात झोप येण्याची नैसर्गिक वेळच पुढे सरकते. त्यामुळे ‘लवकर झोप’ म्हटल्याने मूल नऊ वाजता झोपत नाही. त्यात प्रत्येक वेळी आळस किंवा मोबाईलच असतो असे नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू करू नयेत, अशी शिफारस केली होती आणि कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदा २०१९ मध्ये करून २०२२ पासून अमलात आणला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो स्वागतार्हच होता. परंतु जिथे इमारत एक आणि सत्रे दोन, तिथे लहान मुलांना उशिराची वेळ दिली की पहाटेचे सत्र आपोआप मोठ्यांच्या वाट्याला येते.

शाळेची वेळ एकट्या पालकाला बदलता येणार नाही, हे मी जाणते. पण पाच वाजता उठणाऱ्या मुलीला आठ तासांची झोप हवी असेल, तर तिने रात्री नऊला अंथरुणावर असले पाहिजे, आणि गृहपाठाची मर्यादा मागताना हा हिशेब कागदावर मांडता येतो. माझ्याकडे डोकेदुखी आणि पोटदुखीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना मी औषधाआधी झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून आणायला सांगते. मूल वारंवार ‘आज शाळेत जायचे नाही’ म्हणत असेल, विशेषतः सोमवारी किंवा एखाद्या ठरावीक विषयाच्या दिवशी, तर त्याला दांडी समजून रागावण्याआधी कोणी त्रास देत आहे का, एखादा विषय पूर्णपणे सुटला आहे का, हे शांतपणे विचारावे. अशा गैरहजेरीवर टक्केवारीच्या धाकाचा फारसा उपयोग होत नाही.

पालक-शिक्षक संघातली एक

सही रोखून धरू नका. त्याने विनाकारण मन कलुषित होते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. सहीखाली आपल्या हस्ताक्षरात असे लिहा: ‘वरील नियम वाचले. उपस्थितीचे व उशिराचे कलम यांबाबत खुलासा मिळावा, अशी विनंती स्वतंत्र पत्राने केली आहे. गृहपाठाच्या डायरीतील माझी सही म्हणजे मी काम पाहिल्याची नोंद समजावी. त्याच्या अचूकतेची हमी समजू नये.’ सोबतचे पत्र मुख्याध्यापकांच्या नावे, एका पानाचे आणि विनंतीच्या भाषेत असावे. ते शाळेच्या कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. त्याआधी मात्र वर्गशिक्षिकेला भेटा. पत्राची बातमी त्यांना कार्यालयातून कळली, तर त्यांना ते लागते आणि वर्षभर आपला संबंध त्यांच्याशीच असतो.

फाटकाचा नियम सर्वांचाच असल्यामुळे तो आपल्या एकटीच्या पत्रात लढवू नका. तो पालक-शिक्षक संघाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर यायला हवा, आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूने येणाऱ्या तीन-चार पालकांनी मिळून मागणी केली तर येतोही. पालख्या शहरात मुक्कामी असताना किंवा विसर्जनाच्या दिवसांत रस्ते बंद असतात, तेव्हाचा उशीर नोंदवू नये, एवढे तरी बहुतेक शाळा लगेच मान्य करतात.

धायरीची पालक

सर्वांचे मनापासून आभार. काल वर्गशिक्षिकेला भेटले. गृहपाठाबाबत त्यांनी स्वतःच सांगितले की सही ‘पाहिले’ एवढ्याच अर्थाने हवी आहे. तशी दुरुस्ती त्यांनी माझ्यासमोर हमीपत्रावर पेनने केली आणि खाली आद्याक्षरे घातली. फळ्याच्या कोपऱ्याची कल्पना त्यांना आवडली, पण इतर शिक्षक ऐकतील का, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. ९० टक्क्यांच्या कलमावर मुख्याध्यापिकांचे म्हणणे असे, की दाखला असलेली आजारपणाची रजा त्यात धरली जात नाही आणि टक्केवारी ८५ च्या खाली गेली की आधी पालकांना बोलावले जाते. हे लेखी मिळावे म्हणून पत्र दिले असून पोच घेतली आहे.

कोथरूडच्या दादांचे म्हणणे मला थोडे लागले, पण खोटे नाही. आमच्याही घरी नोव्हेंबरात एक लग्न आहे आणि ते नेमके चाचणीच्या आठवड्यात येते. मुलीला फक्त लग्नाच्या दिवशी घेऊन जाऊ, असे यजमानांशी बोलून ठरवले. सासूबाईंना ते अजून सांगायचे आहे.

फाटकाचा विषय संघाच्या पुढच्या बैठकीत येणार आहे. तोवर आमच्या भागातील चार मुलींसाठी व्हॅन ठरवता येते का, ते पाहत आहोत. पहिल्या व्हॅनवाल्या काकांकडे शालेय वाहतुकीचा परवाना नव्हता, म्हणून त्यांना नकार दिला. धायरी फाट्यावरून पेठेत सकाळच्या सत्राला जाणारी, परवाना असलेली आणि सोबत महिला सहाय्यक असलेली गाडी कोणाच्या माहितीत असल्यास कृपया इथेच कळवावे.