गहू आता विकावा की आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर)?

प्रश्न (तालुका अमळनेर, मार्च २०२५)

नमस्कार मंडळी. माझा चार एकर लोकवन गहू आहे. अडीच एकराची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली होती. त्याची मळणी होऊन सुमारे ४० क्विंटल माल घरात आला आहे. उरलेला दीड एकर कपाशी उपटून डिसेंबरमध्ये पेरला होता, तो आणखी आठ-दहा दिवस शेतात उभा राहील. खेडा खरेदीचा (गावात येऊन माल घेणारा) व्यापारी २,५५० रुपये क्विंटलने जागेवरून माल उचलण्यास तयार आहे. यंदाचा हमीभाव २,४२५ रुपये असल्याने हा दर वाईट म्हणता येत नाही, परंतु थांबल्यास आखाजीनंतर भाव चढेल, असे गावातील अनेकांचे म्हणणे आहे. माझी अडचण अशी आहे की सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत न भरल्यास बिनव्याजी सवलत जाईल, आखाजीला सालदाराचा (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा) हिशोब चुकता करावा लागेल आणि मे महिन्यात कपाशीच्या बियाण्यासाठी पैसे लागतील. त्यातच दोन दिवसांपासून दुपारनंतर आभाळ भरून येत आहे. अनुभवी शेतकऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (शिरपूर)

दादा, घरातल्या गव्हाचा विचार उद्या केला तरी चालेल, पण उभ्या गव्हाचा आज करा. पिकून उभ्या असलेल्या गव्हावर एक जरी सर पडली तरी दाण्याची चमक जाते, तो पांढरट पडतो आणि लिलावात तोच माल निराळ्या ढिगात जातो. गारपीट झाली तर वजनही हातचे जाते. शिवाय डिसेंबरच्या पेरणीचा दाणा भरण्याच्या वेळी उष्णता सापडते. हवामान विभागाच्या नोंदीनुसार यंदाचा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला, त्यामुळे तुमच्या दीड एकरातला दाणा काहीसा बारीक निघेल, हे गृहीत धरा. तो माल पहिल्या मालात मिसळू नका. हार्वेस्टरसाठी आजच नंबर लावा आणि ताडपत्री आधी आणून ठेवा.

उत्तर २ (चोपडा)

भाऊ, भाव वाढेल की नाही याची चर्चा सगळेच करतात. थांबण्यासाठी आपल्याला किती पैसे मोजावे लागतात, ते मात्र क्वचितच कोणी मांडते, म्हणून मी फक्त तेवढेच मांडतो. आज तुमच्या गव्हात १२ टक्के ओलावा आहे असे धरू. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या गव्हाचा ओलावा ९ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. म्हणजे आज १०० किलो भरलेला माल तेव्हा ९६ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरेल. एकही दाणा सांडला नाही, एकाही दाण्याला कीड लागली नाही, तरी नुसत्या सुकण्याने क्विंटलमागे तीन किलोंहून अधिक वजन गेले. केवळ ही घट भरून निघण्यासाठी २,५५० चे २,६३५ व्हावे लागतात. त्यावर महिना एक टक्का व्याज धरून तीन महिन्यांचे सुमारे ७५ रुपये मिळवा, बारदान (पोती) आणि दुसऱ्यांदा लागणारी हमाली मिळवा. जूनमध्ये २,७२५ ते २,७५० रुपये मिळाले, तर तुमची आजच्या २,५५० शी फक्त बरोबरी होते. मार्चमध्ये माल उचलून पावसाळ्यापर्यंत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र ही घट फारशी सोसावी लागत नाही, कारण पुढे पावसाळी हवेत हाच गहू ओलावा ओढून पुन्हा जड होतो.

राहिला प्रश्न भाववाढीचा. गव्हाच्या बाबतीत सरकार दर चढू लागताच हात घालते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२ च्या मार्चमध्ये उष्णतेने उत्पादन घटले, रशिया-युक्रेन युद्धामुळे जगभर भाव चढले आणि ज्यांनी माल राखला ते खुशीत असतानाच १३ मे रोजी निर्यातबंदी आली. जानेवारी २०२३ मध्ये दर फार वर गेले, तेव्हा अन्न महामंडळाच्या साठ्यातून ३० लाख टन गहू खुल्या बाजारात विकण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी जूनमध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घातली गेली आणि गेल्या महिन्यात ती घाऊक व्यापाऱ्यांसाठी २५० टनांवर आणली आहे. शेतकऱ्याने माल राखून जोखीम घ्यायची आणि फळ दिसू लागले की वरून झाकण पडायचे, हे मला अन्यायाचे वाटते. पण निर्णय घेताना ते धरूनच चालावे लागते. भावाला आधार देणारी बाजूही आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात यंदा हमीभावावर १७५ रुपये बोनस मिळून २,६०० चा दर पडतो, त्यामुळे तिकडचा काही माल आपल्या बाजारात येण्याऐवजी सरकारी खरेदीकडे वळेल.

पैशांची निकड असूनही माल विकायचा नसेल, तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आपल्या बाजार समितीत चालू आहे का, ते विचारा. तिच्यात माल गोदामात तारण ठेवून १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते. मात्र चौकशी लगेच करा, कारण मार्चअखेरच्या हिशोबासाठी बहुतेक बाजार समित्या काही दिवस बंद असतात.

उत्तर ३ (यावल)

दादा, घरची साठवण मी स्वतः पाहते, म्हणून लिहिते. सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला देण्याची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिक, पुणे, सुरतकडे राहणारे आपले नातेवाईक आणि त्यांचे शेजारी वर्षाचा गहू भरतात. त्यांना एकसारखा, चमकदार, चाळलेला दाणा हवा असतो आणि त्याचे ते बाजारापेक्षा जास्त पैसे आनंदाने देतात. आम्ही दरवर्षी दहा-बारा क्विंटल असाच विकतो. त्यासाठी गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण निवल्यावरच भरावा. गरम गहू कोठीत भरला तर आत घाम सुटतो आणि सोंडा (दाणे पोखरणारा किडा) होतो. जुन्या गोण्या वापरू नका, थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर लावा. खाण्याच्या गव्हाला आम्ही एरंडेलाचा हात लावतो आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो. हे सगळे दहा क्विंटलला जमते, चाळीसला जमत नाही.

प्रश्नकर्ता (अमळनेर)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. सुकण्याची घट मी कधीच हिशोबात धरली नव्हती. सोसायटीचे कर्ज फिटेल इतका, म्हणजे २५ क्विंटल गहू, समितीच्या आवारात नेऊन लिलावात घालतो. तिथे २,५५० च्या खाली बोली गेली तर व्यापाऱ्याचा दर हाताशी आहेच. तीन क्विंटल घरी खाण्यासाठी राहील. उरलेला बारा क्विंटल ताईंनी सांगितल्याप्रमाणे चाळून, वाळवून घरोघरी देण्यासाठी ठेवतो, त्यातून सालदाराची रक्कम निघेल. दीड एकरासाठी हार्वेस्टर गुरुवारी येणार आहे. ताई, गोण्यांऐवजी पत्र्याच्या कोठीत ठेवायचे असल्यास एरंडेल क्विंटलला किती लावता, तेवढे कृपया कळवा.