मदत हवी आहे: अहवालात विषाणू सापडला, म्हणजे कर्करोग होणारच का?

पाऊलवाट:
काल धाकट्या बहिणीचा अहवाल आला. विषाणू पॉझिटिव्ह आहे आणि तो कर्करोग करणाऱ्यांपैकी आहे, एवढेच तिला तोंडी सांगितले. डॉक्टरांची वेळ आठ दिवसांनी आहे आणि तोवर घरात कोणालाच स्वस्थता नाही. विषाणूने सर्दी होते, ताप येतो, हे समजते. पण कर्करोग कसा होतो, आणि किती दिवसांत? कृपया लवकर लिहा.

मंदार:
कोणता विषाणू? एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित), हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी (हे दोन्ही यकृताचे), एपस्टाईन-बार, एचटीएलव्ही-१ अशी बरीच नावे आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

कासव:
माझ्या काकांना हिपॅटायटिस बी होता, त्यामुळे अनुभवाने सांगतो. वर्षानुवर्षे यकृताला सूज राहते, पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या तयार होतात आणि या घाईत जनुकांत चुका साचत जातात. सगळ्याच विषाणूंचे मूळ या सुजेत आहे. यकृताची सोनोग्राफी उद्याच करून घ्या.

मंदार:
सगळ्यांचे नाही. हिपॅटायटिस बीचा डीएनए यकृतपेशीच्या डीएनएमध्ये घुसतो, त्यामुळे सिऱ्हॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कठीण होणे) नसतानाही कर्करोग होऊ शकतो. एचपीव्हीचे काम तर आणखी थेट आहे: त्याचे ई६ हे प्रथिन बिघडलेल्या पेशीला रोखणाऱ्या पी५३चा नाश घडवते आणि ई७ हे प्रथिन पेशीविभाजनाचा लगाम असलेल्या आरबीला निकामी करते.

कासव:
काकांच्या बाबतीत डॉक्टरांनी सुजेवरच भर दिला होता, पण एचपीव्हीबद्दलचे म्हणणे मान्य आहे.

जिज्ञासू:
पेटन राऊस यांनी १९११मध्ये कोंबड्यांतील गाठ विषाणूमुळे होते हे दाखवले आणि त्यांना नोबेल मिळाले ते १९६६मध्ये. एपस्टाईन-बार विषाणू १९६४मध्ये बर्किट लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाच्या पेशींत सापडला. ही शंका इतकी जुनी आहे.

वसुधा:
इतिहास मोलाचा आहे, पण ताई काळजीत आहेत. पाऊलवाट, अहवालावर नेमके काय छापले आहे, ते जसेच्या तसे लिहा.

पाऊलवाट:
'एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह' असे आहे आणि त्याखाली पॅप चाचणीत (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीत) पेशींत विकृती आढळली नाही असे आहे. खालची ओळ नेहमीची वाटली, म्हणून लिहिली नव्हती.

वसुधा:
तीच ओळ सर्वांत दिलासा देणारी आहे. एचपीव्हीचे बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच दोनेक वर्षांत परतवून लावते. जो टिकून राहतो, तोच पेशींत हळूहळू बदल घडवतो आणि त्याचा कर्करोग व्हायला साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. तरीही, गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के प्रकार १६ आणि १८ यांमुळे होतात, म्हणून १६ आढळला की पॅप स्वच्छ असतानाही सहसा कॉल्पोस्कोपी सुचवतात. तीत गर्भाशयमुख भिंगातून पाहतात आणि शंका आली तरच तुकडा काढून तपासतात. ती कधी करायची, हे पहिल्याच भेटीत विचारा.

कासव:
आणि लस लगेच घ्यायला सांगा.

वसुधा:
लस पुढच्या संसर्गापासून वाचवते, झालेला संसर्ग घालवत नाही. म्हणून ती कॉल्पोस्कोपीऐवजी नको. बहीण धूम्रपान करते का, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेते का? दोन्हींमुळे विषाणू टिकून राहायला मदत होते.

पाऊलवाट:
औषधे नाहीत. सिगारेटचे खरे सांगायचे तर मला माहीत नाही. आज रात्री तिला शांतपणे विचारते आणि इथे लिहिते.