मदत हवी आहे: आठवीला भूमिकानाट्यातून इतिहास शिकवतेय, पण विरोधकाची भूमिका कुणाला द्यायची?

तिळगंगा

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आठवीत ४६ मुलं-मुली आहेत आणि तास ३५ मिनिटांचा. प्रश्न जरा लांबून सांगते. नुसता विचारला तर "छानशी नाटिका बसवा" असं उत्तर येईल, आणि मला नाटिका बसवायची नाहीये.

आमच्याकडे ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, दरवर्षी "मी सावित्री बोलतेय" होतं. नऊवारी, कपाळावर आडवी चिरी, हातात पुस्तक. १८४८, भिडेवाडा, अंगावर पडलेलं शेण, पिशवीतलं जादाचं लुगडं, सगळं एका दमात पाठ म्हटलं जातं. मुली मनापासून तयारी करतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. मागच्या वर्षी अशी सात भाषणं झाली आणि नंतर वर्गात मी सहज विचारलं, "सावित्रीबाईंमुळे तुमच्या घरात काय बदललं?" सगळीकडून एकच उत्तर: "आम्ही शाळेत आलो." मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या ना? मग माझी आजी का नाही गेली शाळेत?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण इतिहास शिकवायचा तो हाच, हे त्या क्षणी कळलं. एका माणसाचं काम दुसऱ्यापर्यंत कसं पोचतं, वाटेत कुठे अडतं, कोण ते पुढे नेतं, हे त्या पाठ केलेल्या भाषणात कुठेच नव्हतं. तिथे सावित्रीबाई एकट्याच उभ्या होत्या.

म्हणून यंदा मी उलटं केलं. सावित्रीबाईंची भूमिका कुणालाच दिली नाही. मुलांना चिठ्ठ्या दिल्या: १८४८ च्या पुण्यातला मुलीचा बाप, आजी, शेजारी, स्वतः ती मुलगी, शाळेला मदत करणारा गृहस्थ. प्रश्न एवढाच की पोरीला उद्या शाळेत धाडायचं का. वर्ग इतका रंगला की घंटा झालेली कळली नाही. आजी झालेल्या मुलीने "शिकलेल्या पोरीला कोण करून घेणार?" असं काही विचारलं की सगळे गप्प झाले. घरात ऐकलेलं वाक्य असणार ते.

पण दोन गोष्टी बिघडल्या. रस्त्यावर अडवणाऱ्याची भूमिका मिळालेल्या मुलाने वहीचा कागद चुरगाळून शाळेत निघालेल्या "मुली"वर फेकला, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्याला पडल्या. मधल्या सुट्टीत त्या मुलीवर आणखी चार बोळे पडले. तिने तक्रार केली नाही, मला दुसरीकडून कळलं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. ७ नोव्हेंबर जवळ येतोय. बाबासाहेबांचं नाव १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, म्हणून आपल्याकडे तो विद्यार्थी दिवस. त्यासाठी मी मसूर स्टेशनचा प्रसंग निवडला होता. १९०१ साली लहानगा भिवा, म्हणजे बाबासाहेब, घरातल्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला, आणि मसूरला उतरल्यावर जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. मसूर आमच्या मुलांना माहितीचं, रेल्वेने जाताना लागतं. वर्गात भूमिका सांगितल्या आणि तास संपल्यावर वस्तीवरचा एक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, मला यात नको." मी त्याच क्षणी तो बेत थांबवला.

आता सांगा, विरोध करणाऱ्यांच्या भूमिका मुलांना द्याव्यात की नाही? नाही दिल्या तर सावित्रीबाई नेमक्या कशाशी लढल्या ते कळत नाही. दिल्या तर असं होतं. आणि सावित्रीबाईंच्या कामाचा प्रभाव मुलांना कळला की नाही, हे आकारिक मूल्यमापनात (वर्षभर वर्गात होणाऱ्या तपासणीत) कशावरून बघायचं? अभिनयाला गुण द्यायचे नाहीत एवढं माझं पक्कं आहे.

कराडचा निवृत्त शिक्षक

बाई, मसूरचा बेत थांबवलात ते योग्यच केलंत. अपमान करून दाखवायचा नसतो. तो पोराच्या घरात अजून ताजा असू शकतो, आणि कुणाच्या घरात आहे ते आपल्याला बाकावरून दिसत नाही.

मी एक नियम पाळत असे. अपमानाचे, हिंसेचे शब्द कुठल्याही पोराच्या तोंडी द्यायचे नाहीत. ते मी स्वतः वाचायचो, कागदावरून, आवाज न चढवता. पोरांच्या वाट्याला फक्त निर्णय. मसूरचंच घ्या. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवलाय. स्टेशनमास्तरला आधी त्या नीटनेटक्या पोरांची दया येते, आणि जात कळल्याबरोबर तो मागे सरतो. तिथपर्यंत तुम्ही वाचा आणि थांबा. मग प्रत्येकाने वहीत लिहायचं: या घडीला स्टेशनमास्तर काय काय करू शकला असता? नाव घालायचं नाही, मोठ्याने वाचायचं नाही. त्यानंतर पुढचं वाचा. शेवटी दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. माझ्या वर्गात यानंतर कुणी हसलेलं आठवत नाही.

त्या पोरीच्या आजीच्या प्रश्नाबद्दल. उत्तर एका माणसात सापडणार नाही, साखळी लावावी लागेल. १८४८ ची शाळा, १८७३ चा सत्यशोधक समाज, त्या विचारावर वाढलेले भाऊराव पाटील, १९१९ साली आमच्या कराड तालुक्यातल्या काल्यात सुरू झालेली रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात आलेलं वसतिगृह. मग कुठे गावोगावच्या शाळा. प्रत्येक कडीला एक घर घ्या आणि एकच निर्णय ठेवा. वसतिगृहाचा प्रसंग मी हमखास घ्यायचो. सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधतात, एका पंगतीला जेवतात. आपल्या पोराला तिथे ठेवायचं का, यावर आई-बापाचं बोलणं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ते नाट्य करून दाखवू नका. ते सांगायचं आणि गप्प बसायचं.

येरळाकाठ

मी सांगली जिल्ह्यातला, कुंडलच्या बाजूचा. आमच्याकडे अडचण वेगळी. प्रतिसरकार, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत नाना पाटलांनी इकडे उभं केलेलं समांतर सरकार, म्हटलं की पोरांना फक्त दोनच गोष्टी करायच्या असतात, ७ जून १९४३ ची शेणोलीची पगाराची गाडी लुटायची आणि कुणाच्या तरी पायाला पत्री ठोकायची. नाना पाटलांचा फेटा बांधायला तर रांग लागते.

मी शेवटी न्यायदान मंडळ घेतलं. बांधावरून दोन भावांचं भांडण, समोर पंच. कोर्टात गेलं तर किती हेलपाटे, इथे गावातच निकाल. पण पोलिसांना कळलं तर पंच तुरुंगात जाणार. मग पंच व्हायला कोण तयार? इथे सगळे थबकतात. नाना पाटील भूमिगत, कुठे आहेत ठाऊक नाही, प्रसंगात ते येतच नाहीत. तरी त्यांच्या शब्दावर गाव चालतंय. प्रभाव म्हणजे काय हे सांगायला मला वेगळी व्याख्या लागली नाही.

बांधाचं भांडण निवडायचं कारण असं की ते आजही प्रत्येक घरात आहे. पोरांना वाक्यं द्यावी लागत नाहीत. मात्र आधी बघून घ्या, वर्गात खरोखरच कोर्टात असलेल्या दोन घरांची पोरं समोरासमोर येत नाहीत ना. माझ्याकडे एकदा आली होती. ऐन वेळी चिठ्ठ्या बदलल्या.

अजिंक्यतारा

मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझ्या मुलाला सहावीत असताना एका प्रसंगात फितुराची भूमिका दिली होती. दहा मिनिटांचं नाटक, पण नाव वर्षभर चिकटलं. मैदानावर, बसमध्ये, वाढदिवसालासुद्धा. शिक्षकांच्या कानावर घातलं तर म्हणाले, मुलं आहेत, विसरतील. तो विसरला नाही.

एवढीच विनंती की भूमिका संपली हे मुलांना ठळकपणे कळू द्या. चिठ्ठी परत डब्यात टाकायची, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, जागेवर जायचं. आणि त्या दिवसानंतर कुणीही कुणाला भूमिकेच्या नावाने हाक मारायची नाही, हे आधीच ठरवा.

नीरेकाठी

मी खंडाळा तालुक्यातली, सावित्रीबाईंचं माहेर नायगाव आमच्या शेजारचं. तुम्ही पुण्याचा रस्ता घेतलात, मी तुम्हाला नायगावातलं घर सुचवते.

सावित्रीबाईंचं जोतीरावांना लिहिलेलं १८५६ चं पत्र आहे. त्या आजारपणातून उठण्यासाठी माहेरी आल्या होत्या आणि भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली होती. हाच भाऊ एके दिवशी त्यांना म्हणतो की तुम्ही नवरा-बायको महारामांगांसाठी कामं करता, म्हणून तुम्हाला वाळीत टाकलंय, आपल्या जातीच्या रीतीने राहा. सावित्रीबाई त्याला उत्तर देतात. गाईबकऱ्यांना गोंजारता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, आणि माणसाला मात्र शिवत नाही, याचं कारण सांग, अशा अर्थाचं. आई तिथेच बसून ऐकते. शेवटी भावाला पश्चात्ताप होतो, तो क्षमा मागतो.

तुमच्या प्रश्नाला यातून वाट मिळेल असं मला वाटतं. विरोध करणारा इथे रस्त्यावरचा कुणी दुष्ट नाही. बहिणीची सेवा करणारा, तिची काळजी असणारा भाऊ आहे. त्याची भूमिका करणाऱ्या मुलाला काही फेकावं लागत नाही, ओरडावं लागत नाही. त्याला बहिणीसाठी भ्यावं लागतं. आणि तो बदलतो. सावित्रीबाईंचा प्रभाव पडलेला पहिला माणूस शोधायला पुण्याला जायलाच नको, तो त्यांच्या घरातच सापडतो.

अस्पृश्यतेचा उल्लेख यातही आहे. म्हणून ते वाक्य मुलाच्या तोंडी न देता, कराडच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे तुम्हीच पत्रातून वाचा. भावाने फक्त "लोक काय म्हणतील, तुझं कसं होईल" एवढंच धरायचं.

तिळगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. अजिंक्यतारा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बोळे पडलेल्या मुलीशी आणि तिच्या आईशी मी जाऊन बोलले. हे मी आधीच करायला हवं होतं.

नायगावचं पत्र या आठवड्यात घेतलं. एक बदल माझ्या मनाने केला, प्रेक्षकच ठेवले नाहीत. ४६ जणांच्या २३ जोड्या, सगळे एकाच वेळी भाऊ आणि बहीण. पाच मिनिटांनी भूमिका अदलाबदल. बघणारा कुणी नाही म्हणून टाळ्याही नाहीत. गोंगाट खूप झाला, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. पण वेळेचा प्रश्नही सुटला, अर्ध्या तासात सगळं झालं. शेवटी चिठ्ठ्या डब्यात, प्रत्येकाने आपापलं नाव सांगितलं.

कागद फेकणारा मुलगा भाऊ झाला होता. तो जोडीदारणीला म्हणत होता, "तू आजारी होतीस तेव्हा मी रात्र रात्र जागलो, माझं एवढं पण ऐकणार नाहीस?" हे त्याला कुणी दिलेलं नव्हतं. अदलाबदल झाल्यावर सावित्रीबाई म्हणून त्याला उत्तर सुचेना. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरडत राहिला.

मूल्यमापनासाठी एकच काम दिलंय: "भाऊ दुसऱ्या दिवशी गावात कुणाला काय सांगेल ते पाच ओळींत लिहा, आणि त्या माणसाने ते का ऐकावं हेही लिहा." कोण काय म्हणालं यापेक्षा ते "का" जमलंय का, एवढंच बघणार आहे. शिवाय घरातली पहिली शिकलेली बाई कोण, कितवीपर्यंत शिकली आणि तिला शाळेत कुणी घातलं, हे विचारून यायला सांगितलंय. त्यातून साखळीच्या कड्या मिळतील. येरळाकाठ, तुमचा बांधाचा प्रसंग भारत छोडोच्या धड्याला घेईन, तेव्हा घरांची खात्री आधी करेन.

मसूर मी वाचूनच घेणार. त्याआधी त्या मुलाला एकट्याला विचारलं, हा प्रसंग वर्गात वाचला तर चालेल का. तो म्हणाला, वाचा. मग थोडं थांबून म्हणाला, "मीच वाचू का?"

याला काय उत्तर द्यावं? मी त्याला उद्यापर्यंतचा वेळ मागितलाय. ज्याने "मला यात नको" म्हटलं तोच आता वाचायला मागतोय, ते त्याच्या मनातून आलंय की माझ्या विचारण्याचं ओझं झालंय, हे मला कळत नाहीये. कराडचे सर, तुम्ही अशा वेळी काय केलं असतं? वाचत असाल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

कराडचा निवृत्त शिक्षक

वाचू द्या. पण आधी त्याच्याबरोबर बसून एकदा संपूर्ण वाचा, फक्त तुम्ही दोघं. कुठे थांबायचं ते त्याला ठरवू द्या, आणि जिथे तो थांबेल तिथून पुढचं तुम्ही वाचायचं, असं त्याला आधीच सांगून ठेवा. वर्गात "हा का वाचतोय" याचं कारण द्यायचं नाही. दुसरी दोन पोरंही थोडं थोडं वाचतील असं बघा, म्हणजे तो एकटा पडणार नाही. आणि सकाळी त्याने नाही म्हटलं तर विषय तिथेच सोडा, कारण विचारू नका.

तिळगंगा

ठीक आहे सर. उद्या शाळा भरायच्या आधी त्याला बोलावते.