सर्वांचे ऐकून घ्यावे आणि कामही थांबू नये, हे कसे साधावे?

नासर्डीकाठ
नमस्कार. नाशिकमधली नंदिनी नदी, म्हणजे आपली नासर्डी, तिच्या काठावर आम्ही काही रहिवासी दर रविवारी स्वच्छता करतो. पुलावरून निर्माल्य आणि कचरा पात्रात पडू नये म्हणून कठड्यावर जाळी बसवण्याची मागणी करावी, असे बैठकीत जवळजवळ ठरले होते. तेवढ्यात काठच्या वस्तीतील एक ताई सांगू लागल्या की त्या पहाटेच कामाला निघतात, घंटागाडी नंतर येते आणि घरात कचरा साठवायला जागा नसते. त्यांचे बोलणे पुरे होण्याआधीच मी हात वर करायला सांगितले. पुढच्या रविवारी वस्तीतील कोणीही आले नाही, आणि ही चूक माझ्या मनाला फार लागली आहे. पावसाळा तोंडावर असल्याने सहकाऱ्यांची घाईही खोटी नाही. काय करावे?

ओझरचा शेतकरी
आमच्याकडे वाघाड धरणाच्या पाण्यावर १९९० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था चालतात. कालव्याच्या मुखाशी ज्याचे शेत आहे त्याला शेपटाकडच्याची अडचण दिसत नाही, कारण त्याच्या शेतात पाणी पोचलेलेच असते. म्हणूनच २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने या संस्थांच्या संचालक मंडळात मुखाकडच्या, मधल्या आणि शेपटाकडच्या अशा तिन्ही भागांना जागा दिल्या. तुमच्या कामात वस्ती शेपटाला आहे. ठराव मांडण्याआधी तिला बोलू द्या.

गंगेवरची
हे पटते, पण एका ताई बोलल्या म्हणजे सारी वस्ती बोलली, असे मात्र धरू नका. तिथेही मते वेगवेगळी असणार. बैठक संध्याकाळी वस्तीतच घ्या, विरोधी मत ज्याचे त्याच्या शब्दांत इतिवृत्तात लिहा आणि निर्णयाची तारीख आधीच जाहीर करा, म्हणजे चर्चा लांबत नाही.

नासर्डीकाठ
दोघांचेही आभार. काल वस्तीत जाऊन आधी माफी मागितली. ताईंचा जाळीला विरोध नव्हताच. त्यांना पुलाजवळ झाकणाचा डबा हवा आहे. विरोध दोन वयस्कर काकांचा निघाला: पूर पुलावर चढला तर जाळीत पाणवेली आणि गाळ अडकून पाणी वस्तीत शिरेल, अशी त्यांना भीती वाटते. हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. जुना ठराव मागे घेतला असून रविवारी आम्ही सारे काकांबरोबर पुलावर जाऊन पाहणार आहोत.