गॅरेजच्या शटरला वाय-फायवाली मोटार, तीही समुद्राकाठी: घ्यावी की नको?

भाट्याची_खाडी
आमचं घर रत्नागिरीजवळ, भाट्याच्या खाडीच्या बाजूला. खारा वारा थेट अंगणात येतो. घराशेजारी गाडीची वेगळी खोली आहे, तिला लोखंडी रोलिंग शटर. ते आता इतकं जड झालंय की सत्तरी ओलांडलेल्या बाबांना वाकून उचलवत नाही. आई तर त्याच्या वाटेलाच जात नाही. मी पुण्यात असतो.

शटरवाल्याने दोन पर्याय दिलेत. एक, मोटार आणि दोन रिमोट. दुसरा, त्यावर अडीच हजार घालून वाय-फाय मॉड्यूल. म्हणजे मोबाइलवरून उघड-बंद, आणि शटर उघडं राहिलं तर फोनवर सूचना.

माझा कल वाय-फायकडे आहे. बाबा अलीकडे शटर लावायला विसरतात. आत गाडी, स्कूटर, पंपाचं सामान. रात्री फोन करून "शटर लावलंत का?" विचारलं की ते दुखावतात, आणि न विचारता मला झोप लागत नाही. मोबाइलवर दिसलं तर हा प्रश्नच उरणार नाही. विरोधात काही असेल तर मोकळेपणाने सांगा, पैसे दिले नाहीत अजून.

जांभा_चिरा
दादा, मी शटर-गेटचीच कामं करतो. मोटारीचं नंतर बघू, शटर जड का झालं ते आधी बघा. शटरच्या वरच्या पाइपात स्प्रिंगा असतात, पत्र्याचं वजन त्या तोलून धरतात. खाऱ्या हवेने त्या गंजल्या, ढिल्या पडल्या की सगळं वजन माणसाच्या कमरेवर येतं. नीट बॅलन्स केलेलं शटर अर्ध्यावर नेऊन सोडलं तर साधारण तिथेच थांबतं. तुमचं धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंगा गेल्या. त्या बदला, बाजूच्या गाइडमधला, म्हणजे शटर ज्या खाचेतून सरकतं तिच्यातला गंज घासून काढा, खालची पट्टी सडली असेल तर तीही नवी घाला. हे न करता मोटार चढवली तर ती रोज ते वजन ओढेल, तापेल आणि मध्येच बंद पडेल. मग गार होईपर्यंत शटर अर्ध्यात लटकलेलं.

दुसरं, त्या खोलीला आणखी दार आहे का? सेंट्रल मोटार, म्हणजे पाइपाच्या मधोमध बसणारी, असेल तर लाइट गेल्यावर ब्रेक सोडायची वायर आतून ओढावी लागते. एका टोकाला बसणाऱ्या साइड मोटारला हाताने फिरवायची साखळी असते, तीही आतच. दुसरं दार नसेल तर तुम्ही बाहेर पावसात आणि साखळी आत. शटरवाले हे आधी सांगत नाहीत, गिऱ्हाइकाला पहिल्या पावसात कळतं.

आणि वाय-फाय मॉड्यूल म्हणजे काय, तर एक छोटा रिले. भिंतीवरच्या बटणाच्या दोन वायरी तो जोडतो आणि सोडतो. त्या बोर्डावर खाऱ्या दमटपणाने हिरवी बुरशी धरते, मुंग्या घर करतात, पाल शिरून शॉर्ट होतो. माझं मत नको असं आहे.

ठाणे_ते_देवगड
स्प्रिंगांचं आणि दाराचं अगदी बरोबर, त्याबद्दल वाद नाही. वाय-फायचं पटत नाही. बागेतल्या पंपाच्या स्टार्टरलाही तीच हवा लागते, तो आपण पेटीत बसवून वर्षानुवर्षं चालवतोच ना? मॉड्यूल आयपी-६५ च्या, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणाऱ्या, बंद पेटीत बसवा, वायर खालून आत घ्या, भोकं ग्लँडने, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने, बंद करा. पाल येणार कुठून?

देवगडला आमची आंब्याची खोली आहे. सीझनमध्ये आत आढी लागलेली असते, पेट्या भरायला पहाटेपासून माणसं येतात. पूर्वी किल्ली चार हातांत फिरायची. आता ज्याला हवं त्याच्या मोबाइलवर परवानगी देतो आणि मे संपला की काढून घेतो. शटर कधी, कोणी उघडलं त्याची नोंद राहते. ठाण्यात बसून मला दुसऱ्या कशाने हे जमलं असतं? घरापासून लांब राहणाऱ्या मुलांना ही सोय चैनीची वाटत नाही, गरजेची वाटते.

सुपारीची_बाग
आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती, काही गावांत तर आठवडेच्या आठवडे. मोबाइलला रेंज नव्हती. सुपारीची झाडं वाटांवर आडवी पडली होती. तशा वेळी गाडी बाहेर काढायची तर शटर हाताने वर जायलाच हवं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, ते अख्ख्या किनाऱ्याला घासत गेलं. इथे घर बांधायचं तर ही दोन वादळं डोळ्यांसमोर ठेवूनच.

शिवाय कोकणातली निम्मी घरं गणपती, शिमगा आणि मे सोडला तर बंद असतात. विजांच्या भीतीने लोक मेन स्विच पाडून जातात. मेन पडला की राउटर बंद, मोटार बंद, ॲपवर "ऑफलाइन". दादांच्या घरी आईबाबा राहतात म्हणून त्यांना थोडा उपयोग, बाकीच्यांनी हे वाचून लगेच मागवू नये.

ठाणे_ते_देवगड
ताई, वादळाचं दुःख मी समजू शकतो, पण रोजची सोय त्या आठवड्यांवर तोलायची का? साखळी असतेच. वाय-फाय बंद पडलं तरी रिमोट आणि भिंतीवरचं बटण चालतंच, मॉड्यूल त्यांच्या जोडीला लावलेलं असतं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालतो.

मालवणातलो
माका ता वायफाय नको. पावसात लाइट गेली काय शटर उघडतलो कोण? आमचो बाबू साखळी ओढता, थयसरच बरा.

पागोळी
चोरीबद्दल कोणीच बोललं नाही. एप्रिल २०२३ मध्ये नेक्स नावाच्या अमेरिकी कंपनीच्या गॅरेज कंट्रोलरमधली गफलत जाहीर झाली. सर्व्हरशी बोलायला सगळ्या उपकरणांत एकच पासवर्ड होता, त्यामुळे कोणीही कुठूनही दुसऱ्याचं गॅरेज उघडू शकत होता. त्यावर अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने इशारा काढला. त्याच वर्षाच्या शेवटी चेंबरलेन या गॅरेज-मोटारींच्या अमेरिकी कंपनीने आपल्या मोटारींशी बाहेरच्या ॲपना बोलायला बंदी केली, आणि ज्यांनी स्वतःच्या घराची यंत्रणा त्यावर उभी केली होती ते अडकले. मोटार आपली, पण ती कशी चालेल हे सर्व्हरचा मालक ठरवतो. नामांकित कंपन्यांची ही गोष्ट, तर अडीच हजारांच्या बिननावाच्या मॉड्यूलवर कसा भरवसा ठेवायचा?

मात्र साधा रिमोट सुरक्षित असं समजू नका. स्वस्त रिमोट प्रत्येक वेळी तोच कोड पाठवतात, त्याची नक्कल चावी बनवणाऱ्याच्या टपरीवरही होते. रोलिंग कोडचा रिमोट मागा, त्यात दर वेळी कोड बदलतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. दादा, तुम्हाला पुण्यातून शटर उघडायचंय का? तुम्ही लिहिलंत त्यात कुठेही तसं नाही. शटर लागलंय की नाही एवढंच तुम्हाला कळायला हवंय. त्याला मोटारीवर ताबा लागत नाही. दाराला लावायचा चुंबकाचा सेन्सर पुरतो, तो फक्त उघडं की बंद ते सांगतो. उद्या त्याचा पासवर्ड फुटला तरी चोराच्या हाती शटर लागत नाही.

भाट्याची_खाडी
हे मी वेगळं करून पाहिलंच नव्हतं. पण सेन्सरने शटर उघडं दिसलं तर मी पुण्यातून काय करणार? पुन्हा बाबांनाच फोन.

जांभा_चिरा
फोन करा ना. "बाबा, रिमोट दाबा जरा" एवढं सांगायचंय. आता वाकायचं नाही, उचलायचं नाही.

लांबून, न बघता शटर खाली घेणं मला धोक्याचं वाटतं. खाली मांजर झोपलेलं असेल, शेजारचं पोर खेळत असेल. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या मोटारीला माणूस अडकू नये म्हणून संरक्षण सक्तीचं आहे, आणि नजरेआडून दार बंद करायचं तर आधी किमान पाच सेकंद भोंगा वाजून दिवा लागायला हवा. आपल्याकडच्या बऱ्याच शटर-मोटारी अडथळा लागला तरी उलट फिरत नाहीत. दोन्ही बाजूंना फोटो-सेन्सर लावून मिळतो, मधला प्रकाशकिरण अडला की तो शटर थांबवतो, पण मागितला तरच. तुम्ही रिमोटवर थांबलात तरी तो लावाच, आईबाबांची नजर आता पूर्वीसारखी नसणार.

चुंबकाचा सेन्सर घेताना शटरसाठीचा धातूच्या बॉडीचा, जाड घ्या. खिडकीचा छोटा प्लास्टिकचा लोखंडी पत्र्याजवळ नीट चालत नाही. आणि जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे वाय-फाय पोचतं का ते आधी मोबाइल घेऊन त्या खोलीत उभं राहून बघा. ही उपकरणं बहुधा वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात, ५ वर नाही.

ठाणे_ते_देवगड
फोटो-सेन्सर हवाच, मान्य. तरी एक उरतं. बाबा झोपलेत, फोन उचलत नाहीत, शटर सताड उघडं. तेव्हा लांबून बंद करता येणं हेच खरं काम. भोंगा आणि फोटो-सेन्सर असेल तर त्यात धोका कुठला? तुम्ही सगळे मिळून दादांची अर्धी चिंता तशीच ठेवताय.

सुपारीची_बाग
एखाद्या रात्री शेजाऱ्याला हाक मारता येते. वाडीत माणसं आहेत अजून.

भाट्याची_खाडी
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: पहिल्यांदा स्प्रिंगा आणि गाइड. शटर हाताने हलकं झालं की मग साखळीवाली साइड मोटार, रोलिंग कोडचे दोन रिमोट, फोटो-सेन्सर. खोलीला दुसरं दार नाही, त्यामुळे घराच्या बाजूच्या भिंतीत चिरे काढून एक छोटं दार पाडून घेणार, पावसाआधी. खर्चात हेच सगळ्यात मोठं, पण त्याशिवाय मोटार बसवणार नाही. वाय-फाय मॉड्यूल आत्ता नाही, चुंबकाचा सेन्सर लावतो. ठाणेकर दादांचं म्हणणं मनात आहे. बाबा फोन उचलत नाहीत असं वारंवार व्हायला लागलं तर पुन्हा विचार करीन.

ठाणे_ते_देवगड
मग एवढं करा: मोटारीचं वायरिंग होतानाच बटणापासून बंद पेटीपर्यंत दोन जादा वायरी टाकून घ्या. नंतर भिंत फोडावी लागणार नाही.

जांभा_चिरा
हे मात्र पटलं. टिनच्या मुलाम्याची तांब्याची वायर घ्या, आणि मोटारीला एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, वेगळा द्या. खोलीचं अर्थिंगही तपासून घ्या, आपल्या कातळात ते सहसा कमकुवत असतं.