आईबाप गेल्यावर गतिमंद मुलाला संस्थेतच ठेवायचं का? वाडीत का नाही?

खाडीपल्याड
आमच्याकडे कोकणात गतिमंद, ऑटिझम, डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांचे आईवडील आता सत्तरीला टेकलेत, आणि चार पालक कुठे भेटले की विषय एकच, आपण गेल्यावर काय. उत्तरही ठरलेलं, पुणे-मुंबईकडची निवासी संस्था बघा, डिपॉझिट भरा, नंबर लावून ठेवा. मला हे पटत नाही. ज्यांना माझं पटणार नाही त्यांनी खुशाल विरोध करा, पण मुद्द्यावर बोला.

माझा धाकटा भाऊ डाऊन सिंड्रोमचा आहे, तिशी ओलांडली, गुहागर तालुक्यात आईबरोबर राहतो. वाचता येत नाही, पैशांचा हिशेब येत नाही. पण कुणाकडे किती दूध घालायचं, कुणाची गुरं कुठे बांधलेली असतात, एसटी वळणावर कधी येते, शिमग्यात पालखी आधी कुणाच्या खळ्यात बसते हे सगळं त्याला तोंडपाठ. ही सगळी माहिती फक्त आमच्या वाडीत चालते. त्याला उचलून पुण्याला नेला की दुसऱ्या दिवशी तो 'काहीच न येणारा' होतो, आणि मग आपणच म्हणतो की बघा याला संस्थेचीच गरज होती.

दुसरं म्हणजे हा प्रश्न आधीच्या पिढीला एवढा पडलाच नव्हता. अमेरिकेत 1980 च्या सुमारास डाऊन सिंड्रोमच्या माणसाचं सरासरी आयुष्य 25 वर्षांच्या आसपास होतं, आता ते 60 च्या घरात गेलंय, हृदयाची ऑपरेशनं लहानपणीच व्हायला लागली आणि मुलांना संस्थांमध्ये टाकणं कमी झालं म्हणून. आपल्याकडेही आता मुलं आईबापांच्या मागे जगणार, पण व्यवस्था मात्र आई जन्मभर पुरेल असं धरूनच चाललीय.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 5 वं कलम सांगतं की दिव्यांग माणसाला समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर नको, आणि घरी येऊन मदत करणारा माणूसही त्याला मिळायला हवा. माझं म्हणणं एवढंच आहे की वाडीतलाच एक माणूस पगारावर ठेवावा, सकाळ-संध्याकाळ यावा, आंघोळ, गोळ्या, जेवण बघावं, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला घराबाहेरचं कोणीतरी असावं. माझ्या भावाला सगळं स्वतःचं स्वतः आलंच पाहिजे अशी अट नको. कधी उठायचं, काय जेवायचं, कुणाच्या पडवीत जाऊन बसायचं हे त्यानं ठरवावं, करायला मदत लागली तर लागू दे.

एका_मुलीचा_बाबा
तुमचा भाऊ आहे, माझी मुलगी आहे. इथूनच सगळा फरक सुरू होतो.

ती 26 वर्षांची आहे, बोलते मोजके शब्द, कोणीही हात धरला की त्याच्याबरोबर चालायला लागते. शिवाय फिट्स येतात. आमचं घर राजापूरकडे आतल्या बाजूला आहे, जुलैमध्ये वहाळाला पाणी आलं की रस्ता बंद, लाईट दोन दोन दिवस नसते, फोनला रेंज नाही. अशा रात्री तिला फिट आली तर तुमचा सकाळ-संध्याकाळ येणारा माणूस कुठे असणार? आणि तो माणूस एकट्या मुलीच्या घरात येणार, त्याच्यावर मी मेल्यावर लक्ष कोण ठेवणार, ग्रामपंचायत?

मी संस्था बघून आलोय. बायका स्टाफ आहे, रात्रपाळीला नर्स आहे, कोण आलं कोण गेलं याची नोंद होते. तिथे तिला पालखी दिसणार नाही हे मला कळतं. पण ती सुखरूप असेल. मी मुलीला टाकतोय अशा नजरेनं लोक बघतात ते मला सहन होत नाही म्हणून एवढं लिहिलं.

मालवणकार
आमच्या वाडीत असो एक जण असा. सगळे तेका वळखतत. पण वळखतत म्हणजे सांभाळतत असा नाय. लग्न असला की पाणी भरूक तो, नारळ सोलूक तो, मांडवाचे बांबू व्हावूक तो, आणि दिवसभर राबवून हातार काय, तर जेवणाचा ताट. वर पोरां गंमत म्हणान दारू पाजतत. आईस होती तोवर ती भांडा, आता भांडूचा कोणी? वाडीचा एवढा कौतुक नको.

वहिनी_दापोली
बराच वेळ वाचतेय. वाडी, समाज, आपली माणसं असं सगळे लिहितायत, म्हणजे नेमकं कोण ते मी सांगते. बायका. माझे दीर चाळीशीचे आहेत, सासूबाई गेल्यापासून त्यांचं सगळं मी करते, मिस्टर मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येतात. माहेरी दोन दिवस जायचं तरी आधी यांची सोय बघावी लागते. दीर फार गुणी आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण लोक जेव्हा म्हणतात की बघा कोकणात अजून माणुसकी आहे, घरीच सांभाळतात, तेव्हा ती माणुसकी माझ्या पाठीतून निघत असते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

खाडीपल्याड, तुम्ही पगार म्हणालात ते बरं वाटलं. पण तो देणार कोण ते तुम्ही लिहिलं नाहीत.

खाडीपल्याड
वहिनी, बरोबर विचारलंत. संजय गांधी निराधारचे महिना 1500 मिळायचे, दिव्यांगांसाठी ते 2025 मध्ये 2500 केले. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते बहुतेक ठिकाणी वर्षाच्या शेवटी सामान वाटून संपवतात. दोन-तीन घरांनी मिळून एक माणूस ठेवला तर घरटी खर्च कमी येतो. स्वीडनमध्ये 1993 साली यासाठी वेगळा कायदा केला, त्यात सोबतीला माणूस देण्याची बरीचशी जबाबदारी तिथल्या नगरपालिकांवर टाकलीय. त्यात एक साधी तरतूद अशीही आहे की नुसतं भेटायला, फिरायला, बरोबर बसायला एक माणूस नेमायचा आणि त्याला थोडा मोबदला द्यायचा. हे आपल्या पंचायतीला अजिबात झेपणार नाही असं मला वाटत नाही.

चाकरमानी_डोंबिवली
स्वीडनचा टॅक्स भरता का हो आपण? आमच्या ग्रामपंचायतीचं उत्पन्न बघा आधी. स्वतःचे दोन लाख जमले तर 5 टक्के म्हणजे दहा हजार वर्षाला, आणि त्यात गावातले सगळे दिव्यांग. यातून कुणाचा पगार निघणार? आणि ते 5 वं कलम मीही वाचलंय, सरकारनं त्या दिशेनं प्रयत्न करावा एवढंच आहे त्यात, अमुक तारखेपर्यंत माणूस द्याच असं कुठेही नाही.

आणखी एक, कोणाला राग आला तर येऊ दे. कोकणातली घरं सामायिक, सातबाऱ्यावर वीस वीस नावं. त्यात ज्याला सही करता येत नाही त्याचा हिस्सा सगळ्यात आधी खाल्ला जातो. त्याला घरीच ठेवू, आम्ही बघतो म्हणणाऱ्यांत बागेवर डोळा असलेले किती ते मी माझ्याच भावकीत बघितलंय. संस्थेत निदान त्याच्या हिश्श्याशी कोणाला देणंघेणं नसतं.

विशेष_शिक्षिका
मी रत्नागिरीत बरीच वर्षं शिकवते. दोन्ही बाजू वाचून थोडं कामाचं लिहिते, लांबेल जरा.

शाळा साधारण 18 पर्यंत असते. मग मुलगा घरी बसतो, आणि शिकवलेलं वर्षा-दोन वर्षांत जातं कारण घरात त्याला कोणी काही करू देत नाही, आई पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देते. आणि एक दिवस आई जाते. त्या आठवड्यात त्याला आईही नाही, घरही नाही आणि रोजची सवयही नाही, असे तिन्ही धक्के एकदम बसतात. म्हणून संस्था असो की वाडी, सवय आईबाप धडधाकट असतानाच लावायची. आधी एक रात्र काकूकडे, मग दोन रात्री, मग घरातच पण आई शेजारी झोपायला गेलेली. गॅसऐवजी इंडक्शन. गोळ्यांची वाराचे कप्पे असलेली डबी. काय काय करायचं त्याचे फोटो भिंतीवर ओळीनं. दात घासणं, पंखा बंद करणं, कडी लावणं, एकेक गोष्ट महिना महिना घेते पण येते.

कामाचंही तसंच. आंबा पुसणं, पेटीत पेंढा घालणं, आमसुलं वाळत घालून परतणं ही कामं आमची मुलं फार नीट करतात कारण त्यांना रोज तेच तेच करायला आवडतं. काजू फोडायला मात्र बसवू नका, टरफलातल्या तेलानं हात भाजतात आणि दुखतंय हे काही मुलं सांगत नाहीत. आणि मजुरी पैशात द्या, त्याच्याच खात्यात. मालवणकार जे लिहितायत ते अगदी खरं आहे, जेवणावर राबवून घेणं सर्रास चालतं.

बाबा, तुमच्या मुलीबद्दल. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, वेळ बघायची, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना गाठायचा. शेजारच्या चार घरांना हे शिकवता येतं. पण तुमचा रस्ताच बंद होत असेल तर तिथे शेजारी तरी काय करणार, ते मी नाकारत नाही. चोवीस तास माणूस लागणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची, म्हणजे अशा माणसांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेची, घरौंदा नावाची समूह निवासाची योजना आहे, तशी चार-पाच जणांची छोटी घरं तालुक्याच्या गावी, दवाखान्याजवळ का नसावीत? तिथून घरचे दर आठवड्याला भेटू शकतील. दोनशे किलोमीटरवर ठेवलं की पहिली दोन वर्षं लोक जातात, मग फोन, मग तेही कमी होतं.

वेंगुर्ल्याचा_मी
मी ऑटिस्टिक आहे. वय 29. एका खोलीत राहतो. मावशीचं घर शेजारी आहे.

मला काही महिने संस्थेत ठेवलं होतं. तिथले लोक चांगले होते. मारत नव्हते. पण दिवे नऊला बंद. चहा साडेसहालाच. माझा रेडिओ सगळ्यांचा झाला. मी विचारलं की मी कधी जाणार, तर सगळे म्हणायचे बघू.

मला मदत लागते. बँकेत लागते. फोनवर बोलायला लागते. शिमग्याचे ढोल वाजले की मला त्रास होतो, तेव्हा मी मावशीच्या आतल्या खोलीत बसतो. बाकी मी भात करतो, मासे करतो, पेठेतल्या एका दुकानात पुड्या बांधतो.

इथे सगळे आमच्याबद्दल ठरवतायत. मला कुठे राहायचंय ते मला विचारलं तर मी सांगू शकतो.

एका_मुलीचा_बाबा
तुमचं दोनदा वाचलं. तुम्हाला सांगता येतं याचा मनापासून आनंद आहे. माझ्या मुलीला मी कसं विचारू? हो की नाही विचारलं तर ती शेवटचा शब्द म्हणते.

विशेष_शिक्षिका
शब्दात विचारू नका. दोन-तीन दिवस राहायला घेऊन जा, मग तिथले फोटो आणि घरचे फोटो समोर ठेवा, कुठल्या फोटोला हात लावते बघा. पुन्हा जायला निघालात की चप्पल घालते की दाराला धरून बसते ते बघा. झोप, जेवण, फिट्स वाढल्या की कमी झाल्या तेही लिहून ठेवा. हे तिचं सांगणंच आहे.

खाडीपल्याड
चाकरमानी, जमिनीबद्दल. तुमचा संशय खोटा नाही पण त्यावर मार्ग संस्था नव्हे. मूल 18 चं झालं की आईवडीलसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे कित्येकांना बँकेच्या काउंटरवरच कळतं. राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. गैरवापर केला तर त्याला काढताही येतं. भावकीतल्या ज्याला बागच हवी असते तो सहसा या भानगडीत पडतच नाही, त्याला कागद नकोच असतो. म्हणून आईबाप असतानाच अर्ज करा, हिस्सा कागदावर आणा. संस्थेत पाठवलेल्या माणसाचा हिस्सा तर अजून सोपा जातो, तो खळ्यात दिसतच नाही ना रोज.

चाकरमानी_डोंबिवली
शेवटचं वाक्य पटलं. पैशांचं अजून पटलेलं नाही. अडीच हजारात कोकणात आता दिवसभराचा गडीसुद्धा आठवडाभर मिळत नाही, त्यात महिनाभर माणूस सांभाळायला कोण येईल? राज्य सरकारनं आशाताईंसारखं मानधनाचं पद काढल्याशिवाय हे होणार नाही, आणि ते निघेपर्यंत लोकांनी संस्थेत नंबर लावला तर त्यांना नावं ठेवू नका.

एका_मुलीचा_बाबा
माझा नंबर लावलेला आहे आणि तो मी काढणार नाही. पण तालुक्याच्या गावी छोटं घर होणार असेल तर जागेसाठी धावपळ करायला मी तयार आहे, रिटायर्ड आहे, वेळ आहे.

वहिनी_दापोली
आशाताईंसारखं म्हणताय तर मानधन त्यांच्यासारखं अडकवून ठेवू नका म्हणावं. आमच्याकडे 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी 5 टक्के निधीचा मागच्या तीन वर्षांचा हिशेब लेखी मागणार आहे. दीरांना बरोबर नेणार, त्यांचं नाव यादीत आहे की नाही तेही तिथेच कळेल. आजूबाजूच्या गावात ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्या बायकांनी आपापल्या सभेत हेच मागा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.